वाचनालयात व्हिडिओ गेम ठेवता येतील का? (३४ डब्यांचा खोका आलाय)

वाचनालयवाली (डोंबिवली पूर्व)

मंडळी नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचं वर्गणीचं वाचनालय आहे. सासऱ्यांनी १९८४ साली एका गाळ्यात सुरू केलं, ते गेल्यावर मी बघते. पुस्तकं साधारण ११ हजार. सभासद एकेकाळी ९०० होते, आज २१०, आणि त्यातले निम्मे सत्तरीच्या पुढचे. दिवाळी अंकांच्या योजनेतून वर्षाचं लाइटबिल निघतं, बाकी सगळं रामभरोसे.

गेल्या महिन्यात आमचे एक जुने सभासद मुलाकडे कायमचे बंगळूरला गेले. घर आवरताना पुस्तकांच्या ३ पोत्यांबरोबर एक खोकाही आणून ठेवला. म्हणाले, "मुलाचे गेम आहेत, त्याला आता वेळ नाही. तुमच्याकडे ठेवा, त्या निमित्ताने पोरं तरी येतील." खोक्यात ३४ डबे. यांची किंमत मी ऐकून होते, नवा गेम ४-५ हजारांना पडतो म्हणे. एवढे पैसे एका गेमला कोणत्या आईबापांच्या जिवावर येणार नाहीत? म्हटलं, इथेच तर वाचनालय लागतं. पुस्तकं महाग होती म्हणूनच सासऱ्यांचं चाललं. त्याच रात्री वहीत योजना लिहून काढली: अनामत १०००, महिना २५०, एक गेम १५ दिवस. 'खेळघर' असं नावसुद्धा ठेवलं. हसू नका.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाला बोलावलं. नववीत आहे, त्याच्याकडे गेमचं यंत्र आहे. दुपारभर बसून त्याने काउंटरवर ३ गठ्ठे केले.

पहिला गठ्ठा कॉम्प्युटरवरच्या गेमचा, १९ डबे. लॅपटॉपला आता डीव्हीडी घालायची जागाच नसते, म्हणून माळ्यावरून आमच्या ह्यांचा जुना डेस्कटॉप काढला. पहिली डिस्क घातली, ४० मिनिटं काहीतरी भरत राहिलं आणि मग क्रमांक मागितला. मला कोण आनंद झाला, कारण क्रमांक पुस्तिकेच्या मागे छापलेला होता. मी चष्मा लावून एकेक अक्षर वाचतेय, तो टाइप करतोय, 'बी' की ८ यावर आमचं एक भांडणही झालं. शेवटी बरोबर बसला, तर पडद्यावर ओळ आली: हा क्रमांक आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे. अशा ६ डिस्का करून बघितल्या. सहाही वेळा तेच. मग आम्ही दोघंही कंटाळलो.

दुसऱ्या गठ्ठ्यात ४ डबे. बाहेरून अगदी कोरे, चित्रं सुंदर, मागे किंमत. उघडल्यावर आत डिस्क नाहीच. जिथे डिस्क बसते त्या गोल खाचेवर एटीएमच्या पावतीएवढा एक कागद, त्यावर खरवडलेला रुपेरी पट्टा. नातू म्हणाला, "आजी, हा कोड वापरून झालाय. हा डबा म्हणजे नुसता डबा." एवढा मोठा डबा एका चिटोऱ्यासाठी! आमच्याकडे पुस्तक हरवलं आणि नुसतं वेष्टण परत आलं तर आम्ही दंड करतो.

तिसरा गठ्ठा ११ डिस्कांचा, त्याच्याच यंत्रावर चालतील अशा. त्यातल्या ८ धडधाकट निघाल्या. दोघींवर चरे आहेत. आणि एक भलतीच विचित्र: डिस्क आत गेली, चित्र आलं आणि ७० जीबी डाउनलोड करा म्हणून निरोप. मग डिस्कमध्ये काय भरलं होतं?

मी बंगळूरला फोन केला, की बाबा, त्या १९ गेमचा पासवर्ड मिळेल का. मुलगा चांगला आहे, पण तो म्हणाला की त्याच खात्यात त्याचे बाकीचे दीडशे गेम आहेत, कार्ड जोडलेलं आहे. बरोबर आहे त्याचं. एक कढई उसनी द्यायला कोणी घराची किल्ली देत नाही.

माझ्याकडे एक कादंबरी आहे. तिच्या मागच्या पानावर १९८६ पासूनच्या तारखांचे शिक्के आहेत, ३ वेळा कागद डकवून पान वाढवलंय. ती किती जणांनी वाचली हे कोणा कंपनीला कधी कळलं नाही. गेमचं असं का नाही? आणि ज्या ८ चालतात, त्या तरी मी कायद्याने वर्गणीवर देऊ शकते का? जाणकारांनी सांगावं. 'काळ बदललाय' एवढं सांगायला येऊ नये, ते मला २१० सभासद रोज सांगतात.

---

गेमाड (पुणे)

काकू, खेळघर नाव झकास आहे. आता वाईट बातमी.

ते १९ डबे गेले. २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' आला, तेव्हा दुकानातून डबा आणला तरी स्टीमवर (इंटरनेटवरचं गेमचं दुकान) खातं काढून तो चालू करावा लागायचा. तेव्हा लोकांनी खूप शिव्या घातल्या. पुढच्या काही वर्षांत कॉम्प्युटरच्या बहुतेक मोठ्या गेमना तीच सवय लागली. डिस्क म्हणजे फक्त सामान पोचवणारा टेम्पो. मालकी त्या क्रमांकात, आणि क्रमांक एकदा एका खात्यात गेला की बाहेर निघत नाही. खातं दुसऱ्याला विकता किंवा देता येत नाही, हे स्टीमच्या करारात स्पष्ट आहे. २०२४ मध्ये एकाने त्यांच्या मदतकेंद्राला विचारलं होतं की मृत्युपत्रात खातं लिहून देता येईल का. उत्तर: नाही.

स्टीमवर घरच्या घरी वाटून घ्यायची सोय आहे, 'स्टीम फॅमिलीज', सप्टेंबर २०२४ पासून सगळ्यांना मिळाली. एका घरातले जास्तीत जास्त ६ जण. एका गेमची एकच प्रत असेल तर एका वेळी एकानेच खेळायचा, तेवढं पुस्तकासारखंच. पण कोणी कुटुंब सोडलं तर त्याची जागा वर्षभर रिकामी ठेवावी लागते, आणि पोराने तुमच्या गेममध्ये चीटिंग करून बंदी ओढवून घेतली तर ती तुमच्यावरही येते. म्हणजे २१० सभासदांना दत्तक घ्यायचा विचार असेल तर सोडा.

यंत्रांचं जरा बरं आहे. सोनीच्या प्लेस्टेशनची डिस्क ज्याच्या यंत्रात, गेम त्याचा. ती कोणाच्या नावावर नाही. हेही सुखासुखी टिकलेलं नाही बरं का. २०१३ च्या मे-जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांच्या नव्या यंत्राचे, एक्सबॉक्स वनचे, नियम सांगितले होते: यंत्राने २४ तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची. गेम मित्राला द्यायचा तर तो मित्र तुमच्या यादीत किमान ३० दिवस असला पाहिजे, आणि एक गेम एकदाच देता येणार. सोनीने लगेच जूनमधल्या गेम प्रदर्शनाच्या दिवसांत एक इवलासा व्हिडिओ टाकला, 'पीएस ४ (प्लेस्टेशन ४) वर गेम कसा शेअर करायचा'. त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबा देतो, तो थँक्स म्हणतो, संपला व्हिडिओ. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. मी तेव्हा अकरावीत होतो, आम्ही वर्गात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

पण जिंकलो असं काही नाही. दार बंद करता आलं नाही, म्हणून त्यांनी घरच बिनदाराचं बांधलं. एक्सबॉक्स सीरिज एसला डिस्क घालायला फटच नाही. प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल एडिशनला नाही. नोव्हेंबर २०२४ च्या पीएस ५ प्रोला डिस्कचा ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो. तेव्हा गेम देण्याआधी सभासदाला विचारा, तुझ्या यंत्राला तोंड आहे का.

ती ७० जीबीवाली डिस्क ठेवा. तिच्यात बहुधा थोडासाच माल आणि बाकी किल्ली असते, पण किल्ली तरी हातात आहे. निन्टेन्डोने स्विच २ या नव्या यंत्राबरोबर (५ जून २०२५) हाच प्रकार नाव देऊन विकायला काढला: 'गेम-की कार्ड'. कार्डात गेम नाही. पहिल्यांदा डाउनलोड करायचा आणि खेळताना दरवेळी कार्ड आत पाहिजे. डब्यावर पुढे खाली तशी पट्टी छापलेली असते. निदान उसना देता येतो, विकता येतो. त्यांच्या डाउनलोड गेमसाठीही 'व्हर्च्युअल गेम कार्ड' आहे: तुमच्या फॅमिली ग्रुपमधल्या माणसाला १४ दिवसांसाठी उसना द्यायचा. देताना दोन्ही यंत्रं जवळजवळ हवीत, आणि १४ दिवसांनी तो आपोआप तुमच्याकडे परत.

चरे पडलेल्या डिस्कांना टूथपेस्ट लावू नका, कोणीतरी नक्की सांगेल. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिमी आत असतो, ब्लू-रेत पृष्ठभागापासून फक्त ०.१. घासलंत तर संपलं. मऊ सुती कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत पुसा, गोल फिरवू नका.

---

वाचनालयवाली

१४ दिवसांनी आपोआप परत?? अरे, हे मला पुस्तकांसाठी पाहिजे. माझ्याकडे एक निवृत्त प्राध्यापक शब्दकोशाचा दुसरा खंड ४ वर्षं दाबून बसलेत. फोन केला की म्हणतात, "संदर्भ चालू आहे."

पण एक सांग. उसनं देणाऱ्याला 'चल, ठेव अजून ४ दिवस' असं म्हणता येत नसेल, तर देण्यात त्याचं काय राहिलं?

मृत्युपत्राचं वाचून जरा गप्प झाले. हे वाचनालय मला सासऱ्यांकडूनच आलंय.

---

कॅसेटवाला (सांगली)

ताई, तुमचं खेळघर मी चालवलंय. १९९६ ते २००३, विश्रामबागला, किराणा दुकानाच्या शेजारच्या बोळात. तेव्हा गेमला गेम म्हणत नव्हते, कॅसेट म्हणायचे. पिवळी, काळी, लाल. ५ रुपये दिवस, अनामत ५०, आणि घरचा मिक्सर चालू असताना खेळायचं नाही अशी पाटी. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटीत मोजून ७ गेम, उरलेले तेच रंग बदलून. दर रविवारी पोरं रांगेत. काँट्रा नावाची कॅसेट परत आली की ती बोळातच तिसऱ्या पोराच्या हातात जायची, माझ्या टेबलापर्यंत यायचीच नाही.

आता खरं ते सांगतो. त्या कॅसेटी अस्सल नव्हत्या आणि यंत्रंही नव्हती. निन्टेन्डोच्या जपानमधल्या मूळ यंत्राला, फॅमिकॉमला (१९८३), कुलूपच नव्हतं, म्हणून त्याच्या नकला तैवान-चीनमधून आपल्या बोळापर्यंत आल्या. १९८५ मध्ये तेच यंत्र अमेरिकेत विकताना निन्टेन्डोने आत एक चिप बसवली. कॅसेटीत तिची जोडीदार चिप नसली की यंत्र चालायचं नाही. हे मला कळलं कधी, तर दुकान बंद केल्यावर १० वर्षांनी, एका रिपेअरवाल्याकडून. म्हणजे कुलूप जुनंच आहे. फक्त तेव्हाचं कुलूप 'कॅसेट खरी का' एवढं विचारायचं. आताचं विचारतं, 'तू कोण'.

मला कोणी विचारलं असतं तर मी अस्सल घेऊन भाड्याने दिल्या असत्या का? नसत्या, परवडतच नव्हतं. हेही लिहून ठेवतो, उगाच हार घालू नका.

तुमच्या ८ डिस्कांसाठी एक अनुभवाची गोष्ट: डबा फळीवर, डिस्क ड्रॉवरमध्ये. पोरं चोर नसतात, पण डबा उघडून बघायचा मोह फार, आणि चरे तिथेच पडतात.

---

अर्धा_वकील (नाशिक)

एलएलबी झालो, वकिली केली नाही, म्हणून हे नाव. लेखी सल्ला हवा तर काळा कोटवाला गाठा. कलमं मात्र खरी देतो.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १४. पुस्तकाच्या बाबतीत मालकाचा हक्क आहे तो प्रती लोकांत आणण्याचा, पण 'आधीच चलनात असलेल्या प्रती' सोडून. आणि त्याच कलमाचं स्पष्टीकरण म्हणतं की एकदा विकली गेलेली प्रत चलनात आलीच. तुमच्या सासऱ्यांचं अख्खं वाचनालय या एका वाक्यावर उभं होतं, त्यांना माहीत असो वा नसो.

कॉम्प्युटर प्रोग्रॅमचं पोटकलम वेगळं आहे. तिथे 'कमर्शियल रेंटल', म्हणजे धंद्यासाठी भाड्याने देणं, हा हक्क मालकाकडे राखून ठेवलाय. चित्रपटालाही तसंच. गेमला प्रोग्रॅम म्हणा नाहीतर हलती चित्रं म्हणा, भाड्याचा हक्क दोन्हीकडून आडवा येतो. तेव्हा 'महिना २५०, एक गेम १५ दिवस' ही योजना परवानगीशिवाय कायद्यात बसत नाही. डिस्क अस्सल आहे, भेट मिळाली आहे, याने फरक पडत नाही.

पण २०१२ च्या दुरुस्तीत एक छान गोष्ट आली. कलम २ (एफए) मध्ये कमर्शियल रेंटलची व्याख्या घातली आणि तिच्यातून ना-नफा ग्रंथालयं आणि शिक्षणसंस्था वगळल्या. रीतसर मिळवलेली प्रत त्यांनी ना-नफा तत्त्वावर उसनी दिली तर ते कमर्शियल रेंटल नाही. ना-नफा कोण? ज्यांना सरकारी अनुदान आहे किंवा आयकरातून सूट आहे ते. म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली मान्यता असलेलं, अनुदान घेणारं गावातलं 'क' वर्ग ग्रंथालयसुद्धा या ८ डिस्का बिनधास्त देऊ शकतं, आणि तुम्ही, ४० वर्षं वाचनालय चालवून, नाही. मला स्वतःला हे विनोदी वाटतं. मी अशा किमान ३ ग्रंथालयांत गेलोय, तिथे वर्तमानपत्रं आणि डुलक्या यापलीकडे काही मिळत नाही.

आता तुमचा मूळ सवाल, गेमचं पुस्तकासारखं का नाही. यावर फ्रान्समध्ये ९ वर्षं खटला चालला. 'यूएफसी-क शुआझीर' या ग्राहक संघटनेने डिसेंबर २०१५ मध्ये स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीला कोर्टात खेचलं, मुद्दा असा की खात्यातला गेम पुन्हा विकता आला पाहिजे. त्यांच्या हातात २०१२ चा युरोपच्या वरिष्ठ न्यायालयाचा निकाल होता, 'यूझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल'. त्यात म्हटलंय की डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअरही कायमच्या वापरासाठी विकलं असेल तर ते पुढे विकता येतं. सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा जगभर टाळ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला: गेम म्हणजे नुसता प्रोग्रॅम नाही. त्यात संगीत, चित्रं, गोष्ट सगळं आहे, म्हणून सॉफ्टवेअरचा नियम त्याला लागत नाही. आणि डिजिटल प्रत झिजत नाही, जुनी म्हणून ती नव्यापेक्षा कमी दर्जाची होत नाही, मग नवी घेणार कोण? ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवरही तेच कायम राहिलं.

हा झिजण्याचा मुद्दा मला आजही पटलेला नाही. पुस्तक झिजतं म्हणून उसनं द्यायची मुभा आहे, असं कायद्यात कुठे लिहिलंय?

कॅलिफोर्नियाने मात्र एक साधं काम केलं. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल मालावर 'विकत घ्या' असं लिहायचं असेल तर हा परवाना आहे, मालकी नाही, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. स्टीमने आदल्या ऑक्टोबरपासूनच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली.

---

वाचनालयवाली

म्हणजे माझी वहीतली योजना रद्द. सांगितलंत ते बरं झालं, मी बोर्ड रंगवायला टाकणार होते.

झिजण्यावर बोलायचं तर, मंडळी, झिजलेलं पुस्तकच माझ्याकडे जास्त जातं. कोरं पुस्तक फळीवर असलं की लोक म्हणतात, "कोणी नेत नाही वाटतं?"

---

कुंडीतला_कढीपत्ता (न्यू जर्सी)

आमच्या गावच्या लायब्ररीत गेम मिळतात म्हणून लिहिते. मुलगा सातवीत आहे, दर शनिवारी जातो. फळीवर रिकामे डबे, डिस्का काउंटरच्या मागे (सांगलीच्या दादांची पद्धत!). एका कार्डावर २ गेम, २ आठवडे, फुकट. उशीर झाला तरी हल्ली दंड नाही.

इथलं गणित थोडं वेगळं. १९९० च्या कायद्याने कॉम्प्युटर सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला बंदी आली, पण फक्त गेम खेळण्यासाठी बनवलेल्या यंत्रांवरचे गेम त्यातून वगळले. म्हणून व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांत गेमही भाड्याने मिळत राहिले. निन्टेन्डोने १९८९ मध्ये ब्लॉकबस्टरवर (अशाच दुकानांची मोठी साखळी) खटला भरला होता, तोसुद्धा गेम भाड्याने दिल्याबद्दल नव्हे. गेमबरोबरच्या माहितीपुस्तिकांच्या झेरॉक्स काढून देत होते म्हणून. वाचनालयवाल्या ताई, झेरॉक्सपासून सावध.

आमच्या लायब्रेरियन बाई डबा आला की आधी उघडून आतली कोडची चिठ्ठी काढून फाडतात. मी विचारलं का, तर म्हणाल्या, नाहीतर पहिला पोरगा कोड वापरणार आणि बाकीचे चाळीस जण माझ्याशी भांडणार. गेम-की कार्ड असेल तर त्यावर केशरी स्टिकर: 'घरी इंटरनेट लागेल'. ज्यांच्याकडे नेट नाही अशी मुलं लायब्ररीत बरीच येतात, ती ते स्टिकर बघून डबा परत ठेवतात. माझ्या मुलाने एकदा तसा गेम आणला होता, ३ संध्याकाळी डाउनलोड होण्यात गेल्या. आणि नुसते डाउनलोडवाले गेम? ते लायब्ररीत नाहीतच. ते घ्यायला त्यांना काही मार्गच नाही. मुलाला वाटतं लायब्ररी जुने गेमच ठेवते.

---

वाचनालयवाली

सगळ्यांचे आभार. १२ दिवसांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

१९ डबे रद्दीवाल्याला दाखवले. तो प्लास्टिकच्या भावाने घेत होता, पुठ्ठ्याची पुस्तिका वेगळी. दिले नाहीत. पुस्तिका छान आहेत, एकीत नकाशा आहे, तो नातवाने भिंतीवर लावला.

चालणाऱ्या ८ डिस्का अनुदानित ग्रंथालयाला द्यायला गेले होते. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, "दाखल नोंदवहीत कोणत्या विषयाखाली लिहू? भाषा कोणती लिहू?" अर्धा तास आम्ही दोघांनी चर्चा केली. ते मनापासून प्रयत्न करत होते, पण पुढच्या तपासणीत साहेब विचारतील या भीतीने शेवटी त्यांनी मला चहा पाजला आणि डिस्का परत दिल्या.

मग मी साधं काम केलं. वर्गणी नाही, अनामत नाही, वाचनालयाशी संबंध नाही. काउंटरच्या कडेला एक १०० पानी वही, वर लिहिलंय 'पोरांची वही'. ज्याला पाहिजे त्याने नाव, गेम, तारीख लिहायची आणि न्यायचं. सभासद असायची अट नाही. अर्धा वकील, फुकट आहे, एक रुपया घेत नाही, यावर कलम लावू नका. डिस्का ड्रॉवरमध्ये, डबे फळीवर, चिठ्ठ्या फाडल्या.

पहिल्या आठवड्यात ५ पोरं आली. त्यातली दोघं एकमेकांना ओळखतही नव्हती, आता माझ्या दारात उभं राहून गप्पा मारतात आणि रस्ता अडवतात. एकीने फुटबॉलच्या गेमबरोबर एक रहस्यकथाही नेली. ती परत येईल तेव्हा खरं.

७० जीबीवाल्या डिस्कवर केशरी स्टिकर नव्हतं, म्हणून दिवाळी अंकाच्या कव्हरातून केशरी चौकोन कापून चिकटवला.

आणि आता अडचण. काल सहावीतला एक जण गेम ३ दिवसांत संपवून परत आला. "आजी, याचा दुसरा भाग आहे का?" मी फळीवर बघितलं, तर आहे. म्हणजे डबा आहे. त्या चारांपैकी, चिटोऱ्यावाला. त्याने हातात घेतला, उघडला, आतला गोल खड्डा बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं की डिस्क मीच कुठेतरी ठेवलीय. मी त्याला समजावून सांगितलं. त्याने शेवटी विचारलं, "मग ते दादा बंगळूरहून परत आले की देतील?"

गेमाड, हे ४ रिकामे डबे ठेवू का टाकू?

---

गेमाड (पुणे)

ठेवा काकू. तुटलेल्या डब्याच्या जागी लागतात, ओएलएक्सवर नुसती डिस्क घेतली की डबा मिळत नाही. पण फळीवरून काढा. आणि माझ्याकडे त्याच यंत्राच्या ३ डिस्का पडून आहेत, पुढच्या रविवारी ठाण्याला येतोय, आणून देतो. वहीत माझं नाव लिहू नका, त्यातली एक मीच मित्राकडून आणलेली आहे.